न आला, न बसला, न जेवला

पासिर जेंगकोल या डोंगरवाडीचा रस्ता अर्ध्यातच दम सोडतो. उरलेला डोंगर ज्याचा त्याने चढायचा. एंगकोस तो गेल्या महिन्यात सात वेळा चढला होता. आज आठव्यांदा चढत होता, आणि आज त्याच्या पुढे एक बाई चालली होती, जिच्या मते तो आधीच्या सातही वेळा इकडे फिरकलाच नव्हता.

बाईंचं नाव रोहायती. जिल्ह्याच्या कचेरीत सर्व्हेच्या तपासनीस. त्या किनाऱ्याकडच्या, बंदराच्या गलक्यात वाढलेल्या. तिकडची माणसं ‘या, बसा’सुद्धा भांडल्यासारखं म्हणतात.

“एंगकोसभाऊ, अजून वेळ आहे,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “खालच्या शेवयांच्या टपरीवर बसून भरलेत ना फॉर्म? कबूल करून टाका, म्हणजे माझे गुडघे तरी वाचतील.”

“नाही मॅडम. घरोघर गेलो होतो.”

“सगळे हेच म्हणतात. गेल्या साली एका पठ्ठ्याने मेलेल्या माणसाची मुलाखत घेतली. दीड तास. मयताने शेतीबद्दल समाधान व्यक्त केलं होतं.”

एंगकोस चढत राहिला. एकोणीस वर्षं झाली, तो गावोगाव सर्व्हे करत होता. एरवी मोटरसायकलवर माणसं बसवून बाजाराला पोचवायची, आणि सर्व्हे निघाला की कचेरीचा निळा कोट अंगात चढवायचा. त्याने म्हशी मोजल्या होत्या, संडास मोजले होते, केळीची बेटं मोजली होती. पूर्वी रेडिओ मोजले, हल्ली फोन मोजत होता. एकही घर त्याने घरी बसून भरलं नव्हतं. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. कुणाचा कोंबडा झुंजीत जिंकतो, कुणाची पोरगी परदेशात नोकरीला असते. एंगकोसकडे एवढंच होतं.

आणि नेमकं त्याच्यावरच बालंट आलं होतं.

भानगड भाताची होती. टॅबवर एक प्रश्न यायचा, ‘घरात साठवलेलं भात, किलोमध्ये’. आकडा घातल्याशिवाय तो टॅब पुढे सरकायचा नाही, अडेलतट्टू म्हशीसारखा. पासिर जेंगकोलमध्ये मात्र भाताचा आकडा कुणी उच्चारत नाही. भात म्हणजे माय पोहाची, धान्याची देवी. ती कणगीत निजलेली असते, तिच्या कणगीत फक्त घरच्या बायकांनी जायचं, तेही तोंड मिटून. आपल्याला कुणी मोजतंय हे तिच्या कानावर गेलं, तर ती पदर सावरून उठते आणि वाट धरते. आईला कुणी मोजतं का? म्हणून बत्तीस घरांनी एकच उत्तर दिलं होतं, “पुरेसं आहे.”

एंगकोसने डोकं लढवलं. “किती दिवस पुरेल?” असं विचारलं. बत्तीसही घरं म्हणाली, “तीन सुगी.” तीन वर्षांचं भात राखायचं ही त्या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मग त्याने घरातली तोंडं मोजली, माणशी वर्षाचं भात धरलं, तिनाने गुणलं आणि आकडा घातला. झालं काय, की पाच माणसांच्या सगळ्या घरांत किलोला किलो भिडला, आणि सहा माणसांच्या सगळ्या घरांतही. जिल्ह्याच्या संगणकाने ते पाहिलं आणि लाल खूण केली. इतकी सरळ रेघ म्हणे पट्टी धरूनही येत नाही.

फेरतपासणीचा नियम साधा होता. टॅबने निवडलेल्या सहा घरी जायचं आणि विचारायचं, हा माणूस आला होता का, किती वेळ बसला, काय काय विचारलं. सहांपैकी तीन घरांनी तपशिलासकट होय म्हटलं तर ठीक. नाही तर एंगकोसचं नाव यादीतून बाद, कायमचं. एंगकोसने अंगणात समोर दिसेल असं बसायचं, पण घरच्यांशी तपास संपेतो एक चकार शब्द बोलायचा नाही.

“सोपं आहे,” चढ संपताना तो मनाशी म्हणाला. “बत्तीस घरं मला ओळखतात. बत्तीस घरी जेवलोय.”

पहिलं घर आबा अर्सूदांचं. आबा गावचे म्होरके, सत्तरीचे, डोक्याला बांधलेला फडका आणि त्याखाली मांजरासारखे डोळे. अंगणात त्यांच्या अकरा शेळ्या एंगकोसचा कोट चाटायला धावल्या.

रोहायतीबाई ओसरीवर टेकतात न टेकतात तोच कॉफी आली, गुळाचा खडा आला, उकडलेली रताळी आली.

“आमच्यात काही नाही हो,” आबा म्हणाले. “गोड मानून घ्या.”

“आबा, हा माणूस गेल्या महिन्यात तुमच्याकडे आला होता?”

आबांनी एंगकोसकडे पाहिलं. त्याचा पडलेला चेहरा पाहिला. कचेरीची बाई पाहिली. आणि त्यांच्या मनात लख्ख उजेड पडला. पोराने इथे भलते प्रश्न विचारले, हे वर कळलेलं दिसतंय. बिचाऱ्याला आता शिक्षा होणार.

“हा?” आबा म्हणाले. “छे छे. त्याने कसलाच त्रास दिला नाही.”

“आला होता की नाही?”

“आला काय, गेला काय. वारा यावा तसा. बसलासुद्धा नाही.”

“भाताबद्दल काही विचारलं?”

“तोबा!” आबांनी कानाला हात लावला. “चांगल्या आईच्या पोटचा आहे तो. असलं विचारेल कशाला?”

“जेवला वगैरे?”

“पाणीसुद्धा प्याला नाही!” आबा अभिमानाने म्हणाले, आणि एंगकोसकडे बघून असा डोळा मिचकावला, की जणू बुडत्याला वरच ओढला.

एंगकोसने डोळे मिटले. याच ओसरीवर त्याने आबांच्या हातची तीन ताटं रिचवली होती. तिसऱ्याला नाही म्हणताच आबा रुसले होते. पण ते आबा कसे सांगतील? पाहुण्याला काय वाढलं हे बोलून दाखवणं म्हणजे या डोंगरात उलटी करून दाखवण्यासारखं. आणि पाहुणा फार वेळ बसला म्हणणं म्हणजे तो ओझं झाला म्हणणं.

रोहायतीबाईंनी टॅबवर बोट टेकवलं. टुक्. “एक गेलं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या घरातल्या बाईला कमी ऐकू यायचं, म्हणून तिने हेच सगळं ओरडून सांगितलं. एंगकोस किती गुणी आणि किती न आलेला आहे, हे पलीकडच्या टेकडीपर्यंत गेलं. तिसऱ्या घरच्या तरण्या नवऱ्याने तर कहर केला. तो म्हणाला, “हा माणूस मी जन्मात पाहिला नाही,” आणि पाठोपाठ आत आवाज दिला, “अगं, एंगकोसदादा आलाय, त्याला दोन साखरेची कॉफी टाक!”

रोहायतीबाईंनी पेन दातात धरलं. “नाव कसं माहीत?”

“चेहऱ्यावरून वाटतं,” नवरा म्हणाला.

टुक्. तीन घरं, तीन नकार. आता उरलेली तिन्ही घरं होय म्हणाली तरच एंगकोस वाचणार होता. तो बांबूच्या कुंपणाला धरून चालू लागला. पाय डोंगराने नव्हे, गावाच्या प्रेमाने मोडले होते.

चौथं घर आंबू मिसनाचं. आंबू म्हणजे आई, आणि मिसना ही अख्ख्या वाडीची आई होती. पासष्ट वर्षांची, कमरेत वाकलेली, पण आवाज ओढ्यासारखा. मागच्या दारी खलात मिरच्या रगडत ती गात होती.

*डोंगरमाथी बांबू हले, वाऱ्याला पुसत नाही,*
*पाहुणा जेवून गेला गं, ताटाला मोजत नाही.*

“झालं,” एंगकोस पुटपुटला. गाणंसुद्धा त्याच्याच विरुद्ध साक्ष देत होतं.

रोहायतीबाईंना बसवून आंबूने बांबूच्या टोपलीतून वाफाळता भात काढला. “घरात आज काहीच नाही गं पोरी. नुसता मीठ-भात आहे.” मग मीठ-भाताच्या मागून तळलेला खारा मासा आला, फणसाची भाजी आली, कच्च्या पाल्याची जुडी आली, केळीच्या पानात भाजलेली तळ्यातली मासोळी आली, आणि खलातून थेट सांबाल आलं, म्हणजे मिरची-कोळंबीचा ठेचा, लालभडक, नुसतं बघून घाम फुटेल असा.

“आंबू, हा माणूस आला होता का तुमच्याकडे?”

आंबूने एंगकोसकडे प्रेमाने पाहिलं. “न आला, न बसला, न जेवला.”

रोहायतीबाईंचं बोट टॅबकडे गेलं आणि तिथेच थबकलं. सकाळपासून त्यांच्या पोटात तीन घरची कॉफी, दोन घरची रताळी आणि एका घरची खीर गेली होती. पुढ्यात चौथं ताट होतं, आणि ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्या म्हातारीने त्यावर दुसरा मासा सोडला होता. त्या ताटाकडे पाहतच राहिल्या.

“आंबू,” त्यांनी सावकाश विचारलं, “उद्या कचेरीतून दुसरं कुणी आलं, आणि त्याने विचारलं की रोहायतीबाई तुमच्याकडे आल्या होत्या का, तर काय सांगाल?”

“काळजी करू नकोस पोरी.” आंबूने त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. “मी सांगेन, न आली, न बसली, न जेवली. तुझं नाव नाही खराब होऊ देणार.”

रोहायतीबाईंना ठसका लागला. सांबालचा होता की हसण्याचा, कळायला मार्ग नव्हता. डोळे पुसत त्या उठल्या आणि मत्स्यतळ्याच्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. एंगकोस मागून गेला.

“घरच्यांशी बोलायचं नाही असा नियम आहे,” तो म्हणाला. “तुमच्याशी बोललं तर चालेल?”

“बोला. आता माझा विश्वास बसलाय. पण मी मानून काय उपयोग? फॉर्मला तीन होय हवेत, आणि हे गाव तर तुम्हाला लाडाने मारतंय. यांच्या तोंडून खरं काढायचं कसं?”

एंगकोसने पाण्यात पाहिलं. मासे तोंडं उघडत होते, मिटत होते, त्यांनाही काही बोलायची परवानगी नसावी. त्याला उपाय ठाऊक होता. पहिल्या घरापासून ठाऊक होता, पण तो उच्चारायचं धाडस होत नव्हतं.

“एकच वाट आहे मॅडम. त्यांना सांगा की मी तक्रार केलीय. म्हणावं, एंगकोस म्हणतो पासिर जेंगकोलमध्ये धड जेवायला घातलं नाही. सांबाल पाणचट होतं.”

रोहायतीबाई किनाऱ्यावरच्या असल्या तरी याचा अर्थ त्यांना कळला.

“मग इथे पुन्हा तोंड दाखवाल कसं?”

“ते मलाच ठाऊक नाही,” एंगकोस म्हणाला. “पण मी आलो होतो, मॅडम. आलो होतो हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं.”

दोघं परत ओसरीवर आली. एंगकोस अंगणात मान खाली घालून बसला. रोहायतीबाईंनी घसा खाकरला आणि किनाऱ्यावरच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “बरं झालं आंबू, जेवलाच नाही ते. कारण या माणसाने कचेरीत सांगितलंय की तुमच्या गावात उपाशी मारतात. तुमचं सांबाल, म्हणे, पाणचट.”

खलातला बत्ता थांबला. कोंबड्यासुद्धा थांबल्या.

“काय?” आंबू म्हणाली.

“पाणचट.”

आंबू उभी राहिली. एंगकोसने इतकी वर्षं तिला वाकलेलीच पाहिली होती. ती एवढी उंच आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“पाणचट? माझं सांबाल? अरे एंगकोस, तुझ्या जिभेला काय बुरशी आली होती? तीन वेळा भात वाढला तुला, तीन वेळा! खारा मासा दिला, मोठा, शेपटीसकट! फणसाची भाजी संपली तर शेजारणीच्या चुलीवरची उचलून आणली! दुपारच्या जोहरच्या बांगेला बसलास तो उन्हं कलताना असरची बांग झाली तरी हलला नाहीस, माझी चटई घामाने भिजवलीस!”

“जोहर ते असर,” रोहायतीबाई भराभरा लिहीत म्हणाल्या. “साडेतीन तास. आणि विचारलं काय काय?”

“काय विचारायचं ठेवलं ते विचार! म्हशी किती, म्हशींना जुलाब होतात का, संडास कुठे, चुलीत लाकूड कुठलं, शेताला पाणी कुणाच्या पाटाचं! माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत विचारलं नाही तेवढं या मेल्याने एका दुपारी विचारलं! आणि माय पोहाचीबद्दल विचारलं, तीनदा! मी म्हटलं, पुरेसं आहे. तर म्हणे, किती दिवस? मी म्हटलं, तीन सुगी. मग बसला बोटं मोजत. हाताची संपली तर पायाची काढली! आमच्या घरात नऊ तोंडं, दहाव्यांदा चुकला तेव्हा मीच माझे पाय पुढे केले, की घे बाबा, नीट मोज!”

“पायाची बोटं,” रोहायतीबाई म्हणाल्या. त्यांनी तेही लिहून घेतलं. “आंबू, जरा हळू. मासा शेपटीसकट म्हणालात?”

टुक्. पण हा टुक् वेगळा होता. टॅबवर हिरवी खूण उमटली. एंगकोसने ती पाहिली आणि मान आणखी खाली घातली, कारण आंबू अजून थांबली नव्हती; ती आता त्याच्या आजोबांपर्यंत पोचली होती. ‘आंबू, तसं नाही’ एवढे तीन शब्द त्याच्या दातांवर येऊन धडकत होते. नियमाने तोंड शिवलेलं होतं.

पासिर जेंगकोलमध्ये बातमी पायांनी जात नाही, ती छपरांवरून उड्या मारत जाते. पाचव्या घरी पोचेतो घरधनीण दारातच उभी होती, हातात रिकामं पातेलं घेऊन. “हे बघा बाई! हे एवढं पातेलं होतं भरून! एकट्याने संपवलं! वर ढेकर दिला, तो ऐकून माझी लेक जागी झाली!” सहाव्या घरच्या म्हाताऱ्याने तर एंगकोस कोणत्या खुर्चीवर बसला, ती खुर्ची अंगणात आणून ठेवली, आणि तिचा मोडलेला पाय दाखवला. “आधी चार होते,” तो म्हणाला. “आता मोजा.”

टुक्. टुक्.

तीन झाले. तरी माणसं यायची थांबेनात. आबा अर्सूद काठी आपटत आले आणि म्हणाले, “सकाळचं खोडा. सगळं खोडा. आला होता हा. दोनदा आला होता. पहिल्यांदा जेवला, दुसऱ्यांदा विसरलेली छत्री न्यायला आला आणि पुन्हा जेवला.” तिसऱ्या घरच्या नवऱ्याने सांगितलं की आपण या माणसाला जन्मापासून ओळखतो आणि त्याचा आता पश्चात्ताप होतोय. सगळा गाव कुंपणाशी गोळा झाला होता. इतक्या वर्षांत कुणी कुणाला आपल्या घरी काय शिजतं ते सांगितलं नव्हतं. आज एकदाच बांध फुटला होता आणि पदार्थांची नावं पाण्यासारखी वाहत होती. फणस, केळफूल, आंबट कैऱ्या, गुळातली केळी. मधे शिव्या, मधे पुन्हा पदार्थ.

रोहायतीबाईंनी शेवटी टॅब मिटला. “तपास संपला,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “एंगकोस, आता बोलायला हरकत नाही.”

एंगकोस उठला. तोंड उघडलं. पण ऐकायला कुणी थांबलंच नाही. गर्दी फुटली, माणसं पाठ फिरवून घरोघर गेली. तो आंबूच्या मागच्या दारी जाऊन उभा राहिला.

“आंबू, मी तसं...”

“गप.” ती पुन्हा वाकून बसली होती, पुन्हा मिरच्या रगडत होती. “म्हणे पाणचट. त्या दिवशी दुसऱ्या घासाला तुझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं होतं, मीच तर फडकं दिलं पुसायला. पाणचट सांबालाने रडतं का कुणी?”

एंगकोसने मान वर केली. “मग तुला ठाऊक होतं?”

“दुसऱ्या शब्दाला कळलं. तुझं काहीतरी अडलंय, एवढं कळलं.”

“मग एवढ्या शिव्या? आजोबांपर्यंत?”

आंबूने बत्ता बाजूला ठेवला. तिच्या सुरकुत्यांत हसू झिरपत गेलं.

“पन्नास वर्षं रांधतेय रे बाबा. आल्यागेल्याला घालतेय. आणि दर वेळी काय म्हणायचं? घरात काही नाही, नुसता मीठ-भात. आज जन्मात पहिल्यांदा मोठ्याने सांगायला मिळालं, मासा होता, शेपटीसकट होता. घसा असा मोकळा झाला! ती पाचव्या घरची बघितलीस? पातेलं घेऊन आली! मेलीचं तोंड कसं खुललं होतं.” मग तिने केळीच्या पानात काहीतरी बांधलं, दोरीची गाठ मारली आणि त्याच्या हातावर आपटलं. गाठ मारताना ती गुणगुणली,

*शेंगा वाळल्या अंगणी, जेंगकोलाचा वास,*
*तोंडाने घातल्या शिव्या रे, हाताने दिला घास.*

“आणि बाकीचे?” एंगकोसने विचारलं. “त्यांना सांगशील?”

“काय सांगू? सांगितलं तर त्यांचा घसा पुन्हा बसेल. चार महिने जाऊ देत. तोवर खा शिव्या.”

उतरताना आबा अर्सूदांच्या अंगणावरून जावं लागलं. आबा पाठ करून बसले होते.

“पुढच्या साली जनावरं मोजायला येणार ना?” ते मागे न बघता म्हणाले. “ये. खुशाल ये. माझ्याकडे एकही शेळी नाही.”

अकरा शेळ्या एंगकोसचा कोट चाटत होत्या.

वळणावर, जिथे रस्ता पुन्हा दम धरतो, तिथे दोघं दगडावर टेकली. रोहायतीबाईंनी टॅब उघडून शेवटची नोंद केली. एंगकोसच्या नावापुढची लाल खूण गेली. त्याने ते नाव दोनदा वाचलं. मग गाठ सोडली. पानात भाताचा ढीग होता, त्यावर आडवा मासा, इतका मोठा की शेपटी पानाबाहेर आलेली, आणि कडेला सांबालचा लालभडक डोंगर, नेहमीच्या दुप्पट.

त्याने पहिला घास घेतला. कान लाल झाले, डोळे वाहू लागले, नाक वाहू लागलं.

“काय दिलंय हो म्हातारीने?” टॅबमधून डोकं वर न काढता रोहायतीबाईंनी विचारलं.

एंगकोसने निळ्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि एकदा वर, वाडीकडे पाहिलं.

“काही नाही मॅडम,” तो म्हणाला. “नुसता मीठ-भात.”